लीलावतीआजींचे जांभळे बूट

इंद्रनीलची त्या दिवशी बारा ते आठची शिफ्ट होती. आयर्लंडमधल्या किलकेनीजवळच्या औषधांच्या कारखान्यात तो कामाला आहे. संध्याकाळी अर्ध्या तासाची सुट्टी मिळाली, तेवढ्यात त्यानं आईला गाडीतून आणून सारंगच्या हाती सोपवलं आणि म्हणाला, "दादा, आईला हल्ली संध्याकाळ झाली की थोडं विसरायला होतं. तिला एकटं सोडू नकोस."

"काळजी करू नकोस," सारंग म्हणाला. "मोजून नेतो, मोजून आणतो."

नंदकुमारकाका इथे थांबले आणि चहाचा घोट घेतला. तिकडच्याच मलिंगार गावात संध्याताईंच्या घरी जेवणं झाली होती. वादळानं वीज गेली होती. टेबलावरच्या एका मेणबत्तीभोवती त्यांची मुलं परेश आणि स्वानंदी बसली होती.

"काका, इज धिस अ घोस्ट स्टोरी?" स्वानंदीनं विचारलं.

"मी गोष्ट सांगत नाही, झालं ते सांगतो. सारंग माझ्या पुण्याच्या मित्राचा मुलगा. त्यानं स्वतः मला हे सांगितलं. ऐका."

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. साडेपाचला गडद अंधार झालेला, बारीक पाऊस. सारंग नोकरी सांभाळून आपल्या लोकांसाठी किलकेनीच्या जुन्या गल्ल्यांची सहल काढतो. इकडे मुलांकडे आलेल्या आईवडिलांना इथलं इंग्रजी कळत नाही, म्हणून सगळं मराठीत सांगतो. त्या दिवशी अकराजण होते.

शेवटचा थांबा टेकडीवरचं कॅथेड्रल. नाव घेत नाही, तिथली माणसं भली आहेत. आत जमिनीवर सगळीकडे थडग्यांच्या फरशा. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या, नावं झिजलेली. इथले लोक बूट घालून त्यांवरून चालतात, कोणी काही म्हणत नाही. पण आपली माणसं अडखळतात. पहिल्याच सहलीत एका बाईंनी विचारलं होतं, "माणसांच्या अंगावरून बूट घालून कसं जायचं?" तेव्हापासून सारंगच्या सहलीत सगळे पोर्चमध्ये बूट काढतात आणि मोजे घालून आत जातात. तिथला किल्लीवाला नोएल आधी हसायचा. आता तोही बूट काढतो.

याचा एक फायदा सारंगला कळला. डोकी मोजायची गरज नाही. निघताना पोर्चमध्ये एक जोडी उरली, तर एक माणूस आत उरलं. कधी चूक झाली नव्हती.

लीलावतीआजींचे बूट जांभळे, टाचेला चमकती पट्टी. इंद्रनीलनं बुटांच्या जिभेखाली, म्हणजे नाड्यांखालच्या पट्टीच्या आत, पक्क्या शाईनं घरचा पत्ता लिहून ठेवला होता. कधी चुकल्या, तर कोणीतरी घरी पोचवेल. आजींनी बूट काढले आणि टोकं बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवले. "निघताना वाकायला नको," म्हणाल्या. सवय त्यांची.

आत सारंग टॉर्च घेऊन पुढे, बाकी मागे. राजा, बिशप, वेढा, सगळं सांगत होता. मध्येच टॉर्च खाली गेला आणि त्याला फरशीवर पावलं दिसली.

ओली. उघड्या पायांची.

लहान, अरुंद. पाचही बोटं स्पष्ट.

सारंगला पहिला संशय आला पुरुषोत्तमकाकांचा. नाशिकचे, निवृत्त, प्रत्येक थांब्यावर वाद घालणारे. "काका, मोजे काढलेत का तुम्ही?"

"मी काय वेडा आहे? हा गारठा बघ! तुझ्या त्या बिशपचीच असतील ती पावलं."

सगळे हसले. सारंगनं टॉर्च सगळ्यांच्या पायांवरून फिरवला. मोजे. मोजे. मोजे. मग वाटलं, कोणी आगंतुक शिरलाय का? चर्चमधल्या पितळी वस्तू चोरीला गेल्याच्या बातम्या त्यानं वाचल्या होत्या. पावलं खांबामागे जात होती, तिकडे उजेड टाकला. कोणी नाही. पण परत फिरताना त्याला वाटलं, आपल्या घोळक्याची सावली जरा मोठी आहे.

"वाटलं म्हणजे?" परेश म्हणाला. "मोजायचं ना सरळ!"

"तेच त्यानं केलं. पण आपल्या पद्धतीनं."

सात वाजता सगळे निघाले. पोर्चमधला दिवा मिणमिणता. आपापले बूट घातले, रेनकोटांच्या टोप्या डोक्यावर ओढल्या. सारंगनं शेवटी पोर्चभर टॉर्च फिरवला.

एकही जोडी नाही.

दारात उभं राहून त्यानं आत हाक मारली. "कोणी राहिलंय का?" काही आवाज नाही. नोएलनं विचारलं, "ऑल आउट?" सारंग म्हणाला, "ऑल आउट." "ग्रँड," म्हणजे इकडचं 'ठीक', असं म्हणून नोएलनं दार लावलं, दोनदा किल्ली फिरवली आणि गाडी काढून घरी गेला.

टेकडीवरून गावात उतरायला दगडी पायऱ्या आहेत. जुन्या, निसरड्या. सारंग सगळ्यांच्या मागे राहिला. त्याच्या पुढे, अगदी शेवटी, चमकती पट्टी दिसत होती. जांभळे बूट.

"आजी, जमतंय ना?"

टोपी हलली. हो म्हटल्यासारखी.

"हात द्या. पायऱ्या ओल्या आहेत."

हात आला. गार. पावसात गार पडला असेल, तो मला म्हणाला. पण इतका हलका की धरल्यासारखाच वाटेना. चार पायऱ्या उतरले. पाच. आजी मघाशी भारी बोलत होत्या, आता एक शब्द नाही. चालही निराळी. बूट पायात सैल असावेत, तशी. सारंगला पुन्हा संशय आला. आजींचेच बूट आजींना सैल कसे?

तो वाकून टोपीखाली बघणार...

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

डाव्या हातानं त्यानं तो काढला. उजव्या हातात तो हात होता.

"अरे सारंग," फोनवर आवाज आला. "तुम्ही सगळे कुठे गेलात? इथले दिवे गेलेत. मी लीलावती बोलतेय."

...

"कुठून बोलताय आजी?"

"देवळातूनच की. जरा डोळा लागला होता."

सारंगनं हळूहळू मान वळवली. काकांनी मेणबत्ती जरा जवळ ओढली. स्वानंदीनं पाय खुर्चीवर घेतले.

"आणि?"

"हात रिकामा होता. पायरी रिकामी होती. वर नाही, खाली नाही. कोणी नाही."

सारंगचा फोन गेल्यावर नोएल अर्ध्या रस्त्यातून परत आला. दार उघडलं, तर आजी खांबामागच्या बाकावर मोज्यांतले पाय वर घेऊन शांत बसलेल्या. सारंगनं त्यांचे पाय हातात धरले. गरम होते. तो रडला, असं नोएल सांगतो. सारंग नाही सांगत.

"बूट कुठे गेले आजी?"

"दिले ना. एक बाई होती बिचारी, अनवाणी. पाय निळे पडलेले. बोलली काही नाही, नुसतं माझ्या मोज्यांकडे बघत राहिली. मग मीच पोर्चमधून बूट आणून तिला घातले. म्हटलं, जाऊन ये, मी इथेच बसते. परत करायला आली आणि मी नसले, तर?"

"कशी होती दिसायला?"

आजींनी आठवून बघितलं. "पायच आठवतात रे," म्हणाल्या.

त्यांनी पायऱ्यांवर शोधलं, गल्लीत शोधलं. बूट मिळाले नाहीत. नोएलनं आपल्या गाडीतले रबरी बूट आजींना दिले आणि साडेआठला सारंगनं त्यांना गावाबाहेरच्या वसाहतीत घरी पोचवलं. तोवर इंद्रनील आला होता. काय बोलायचं ते बोलला. सारंगनं ऐकून घेतलं. मग इंद्रनीलनंच खिचडी टाकली आणि बस म्हणाला. आजी दोन घास खाऊन झोपल्या.

"सो शी वॉज ग्रँड," स्वानंदी हळूच म्हणाली. "आजी वॉज फाइन."

"हो. आजी ठणठणीत आहेत. परवाच फोनवर बोललो मी."

"मग झालं की," परेश म्हणाला. पण आवाज बारीक होता.

काकांनी कप खाली ठेवला.

दहाच्या सुमारास सारंग निघाला. इंद्रनीलनं दार उघडलं, बाहेरचा दिवा लावला. साडेआठला आत आले, तेव्हा दाराबाहेरच्या पायपुसण्यावर काही नव्हतं. दोघांनाही पक्कं आठवतंय. तिथेच आजींनी नोएलचे रबरी बूट काढून आत नेले होते.

आता तिथे जांभळे बूट होते. ओले. जिभा बाहेर ओढलेल्या, पत्ता वाचण्यासाठी ओढाव्यात तशा.

आजी काढून ठेवतात तसे नव्हते ते.

टोकं दाराकडे होती. घरात गेलेल्या माणसानं काढून ठेवावेत, तशी.