अकरा तासांची दरी

तळमजल्यावरचा पंप बघायला निघालेल्या मोटर मेकॅनिकने चुकून पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचं दार ढकललं. ते भिंतीवर असं आदळलं की आतल्या मुलीने डोळेच मिटून घेतले. तिच्यासमोरच्या लांबट काचेच्या पेटीत रंगीत वाळूचे थर होते. ते ढासळले, आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली.

तो ओशाळला, पण त्याचा पाय काही निघेना. पेटीची एक बाजू हळूहळू ओढणारी छोटी मोटर मधेच अडखळत होती, हे त्याच्या कानांनी टिपलं होतं.

"वाळू मी बिघडवली, कबूल," तो म्हणाला. "पण ही मोटर तुमची वाळू रोजच बिघडवते आहे."

तिने डोळे उघडले. राग होताच... पण ओठांच्या कोपऱ्यात हसूही होतं. बिचाऱ्याची विकेट तिथेच पडली.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. गिअर बदलून झाला, बेल्ट बदलून झाला. बदलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तेल घालायला आला. तेल घालायला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो रे, असं घरी त्याच्या ताईने विचारलं, तर हा बूट शोधू लागला. तिसऱ्या गुरुवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कुणी आधी केलं ते दोघांनाही आठवत नाही.

ती जमिनीच्या कवचावर संशोधन करत होती. एखादा अख्खा खंड ताणला गेला की काय होतं, हे तिने त्याला हात हलवून हलवून समजावलं होतं. खोलवरचा खडक तापलेला, मऊ. तो निमूट लांबत जातो. वरचा थंड आणि ताठ; तो तडकतो, त्याचे ठोकळे तिरपे होऊन खाली घसरतात, आणि मधे दरी पडते. पेटीत मऊ खडकाच्या जागी सिलिकॉनचा चिकट लगदा होता आणि त्यावर वाळू. लाखो वर्षांचं काम आठ तासांत! पण तिला हवी असलेली एकच खोल दरी काही पडत नव्हती. दर वेळी सगळीकडे नुसत्या बारीक भेगा.

शेवटच्या प्रयोगाचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी पेटी मोडायची होती, म्हणजे त्याचं येण्याचं निमित्तही संपणार होतं. ती वाळू चाळत असताना त्याने गुपचूप मोटरचा वेग कमी केला. आठाचे अकरा तास झाले. तीन तास जास्त, बस्स, एवढीच हाव.

दिवसभर दोघं पेटीशेजारी बसली होती. धक्का नको म्हणून बोलणंही कुजबुजत. खिडकीतलं ऊन तिच्या मनगटावरून सरकत भिंतीवर गेलं. मोटर गुणगुणत होती, वाळू कणाकणाने खचत होती, आणि हा दिवस संपूच नये असं त्याला वाटत होतं.

संध्याकाळी सातला वाळूच्या मधोमध दरी पडलेली होती. एकच, खोल, सुरेख. तिचे डोळे भरून आले. संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडमना लगेच कळवते म्हणत तिने लॅपटॉप ओढला. वेगाचा आकडा खोटा गेला, तर तिचं सगळं काम खोटं. आणि खरं सांगितलं, तर ती पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही.

"थांब," तो म्हणाला. "वेग मी कमी केला होता. मुद्दाम. तुझ्याजवळ... अजून तीन तास बसायला मिळावं म्हणून. मला तू आवडतेस. पण तुझ्या कामात हात घालायला नको होता."

तिने लॅपटॉप मिटला. मग तिने वही त्याच्यापुढे सरकवली. पानावर खरा वेग लिहिलेला होता.

"दर दहा मिनिटांनी फोटो निघतो, काचेला मोजपट्टी लावलेली आहे. चौथ्या फोटोतच कळलं मला. सावकाश ओढल्यावर लगद्याला वाहायला वेळ मिळाला, म्हणून त्याने वाळू सगळीकडे फाडली नाही, एकाच जागी खचू दिली. पण ते नंतर सुचलं. तू न सांगता गेला असतास ना, तर पुन्हा तुझं तोंड बघितलं नसतं."

"आणि चौथ्या फोटोलाच मोटर थांबवली का नाहीस?"

तिने मान खाली घातली. वाळूने माखलेली बोटं त्याच्या बोटांपाशी येऊन थांबली.

"कारण मला आठ तास पहिल्या गुरुवारपासूनच कमी पडत होते," ती म्हणाली.