शिवलिंगचं ताट

कबनुरात माणसं ओरडूनच बोलतात, त्याला इलाज नाही. घराला चिकटून यंत्रमागांची शेड आणि दिवसभर खडखडाट. त्यामुळं करंट गेला की शांतताच कानात दाटायची. दोन हजार पाच साली तर तो रोज दिवेलागणीलाच जायचा. बाकीच्या बायका लाइटवाल्यांच्या नावानं बोटं मोडत मेणबत्त्या शोधायच्या. शांतव्वा मात्र ताट वाढायला घ्यायची.

ताट तिच्या धाकट्या भावाचं, शिवलिंगचं. एकाहत्तरच्या लढाईत तो बाँबफेकी विमानासकट गेला तो गेलाच. ना देह आला, ना अंगावरचा कपडा. लहानपणी माडीवर पालथं पडून, खाली कोण कुठं चाललंय ते सांगत बसणारं पोरगं. पुढं विमानाच्या नाकातही तसाच पालथा पडून पायलटला वाट दाखवायला लागला. विमानात दोघंच. "सायेब नुसतं चालवत्यात आक्का, वाट मीच सांगतो की!" अशी फुशारकी मारायचा.

शेवटच्या रजेत आला तेव्हा अंघोळ करून त्यानं गळ्यातलं इष्टलिंग पूजेसाठी काढून भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं. शांतव्वाची भाकरी तव्यावर होती. तेवढ्यात तार आली, ताबडतोब हजर व्हा. मिरजेची गाडी गाठायला गडी तसाच पळाला. दारातनं ओरडला, "आल्यावर जेवतो की आक्का!"

आईनं मरेपर्यंत त्याचं ताट वाढलं. मरताना शांतव्वाचा हात घट्ट धरून म्हणाली, "माझं लेकरू उपाशी गेलंय गं... त्येला जेवू घाल." माहेरी दुसरं कुणी उरलं नव्हतं. शांतव्वा पोरासकट इथंच, कबनुरच्या माहेरघरात राहायला आली, आणि ताटही तिच्याकडं आलं.

करंट गेला की लांबून घरघर यायची. जड, इंजिनाची. घराच्या डोक्यावर येऊन ती बंद पडायची. मग दारात रॉकेलचा भपकारा, रजेवर आलेल्या शिवलिंगच्या कपड्यांना यायचा तसा. मग काहीच नाही... ताट जसंच्या तसं, आणि घरघर परत लांब निघून जायची. शांतव्वाचा जीव तीळतीळ तुटायचा. दारापर्यंत येतोय आणि घास घेत नाही, म्हणजे रुसलाय की काय माझ्यावर?

"ट्रक आसंल आत्ती, हायवेचा," सून शांभवी म्हणायची. तिला ना घरघर ऐकू यायची, ना वास.

त्या डिसेंबरात शांतव्वा तापानं फणफणली. शांभवीनं दुपारी पेज करून पुढ्यात धरली.

"थांब गं बाई. आजून पूजा न्हाय केली. लिंगपूजेआधी तोंडात घास घालू व्हय?"

बोलता बोलताच तिची नजर देवळीकडं गेली. तिथल्या चांदीच्या डबीत शिवलिंगचं लिंग होतं. तिची आई आणि ती, दोघी रोज त्याला विभूती लावत आल्या होत्या. त्याच्या हातात ते द्यावं हे मात्र एकीलाही सुचलं नव्हतं.

"आगं माझ्या कर्मा! लिंग हितं ठेवून त्यो जेवंल कसा?"

संध्याकाळी ताप अंगात घेऊनच ती चुलीपुढं बसली. भाकरी, आमटी, दही. माग गप झाले तसा तिनं पाट मांडला. ताटाआधी पाटावर त्याचं लिंग ठेवलं, शेजारी विभूती, बेल आणि तांब्याभर पाणी. घरघर आली. थांबली. रॉकेलचा वास उंबरा ओलांडून आत आला...

शांतव्वानं भिंतीकडं तोंड केलं. पाठीमागं पाणी ओतल्याचा बारीक आवाज. मग बेलाची पानं सरकल्याची सळसळ. मग भाकरी मोडल्याचा आवाज.

"आक्का... कोरड्यास वाढ."

तिनं मागं वळून, मान वर न करता अंधारातच आमटी वाढली. पळीवर थेंबथेंब पाणी पडत होतं. तिच्याच डोळ्यांतलं.

"सावकाश जेव रं राजा..."

"पोट भरलं आक्का. आता झोप याया लागलीय."

करंट आला, माग धडधडायला लागले. ताट धुतल्यासारखं लख्ख. लिंगावर विभूतीचे तीन ताजे पट्टे. शांतव्वा पोटभर रडली आणि पोटभर जेवली. परत जाणारी घरघर तेवढी त्या दिवशी ऐकू आली नव्हती, पण आनंदाच्या भरात ते तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ताट वाढलंच नाही. करंट गेला. शांभवी कंदील लावत होती. तिचा हात थांबला.

"आत्ती... ह्यो ट्रक न्हाय."

घरघर डोक्यावर आली. थांबली. दारात वास. आणि कुणीतरी अगदी अदबीनं, दमलेल्या आवाजात बोललं.

"माताजी... शिवलिंग किधर है? रास्ता तो वही बताता था..."

शांभवीनं सासूचा दंड घट्ट धरला. भाऊ झोपला होता, त्याला उठवायचं कसं? आणि ह्या सायबालाही कुठंतरी आई असेल की.

"जेवून जावा पावणं..." एवढंच शांतव्वा कसंबसं म्हणाली.

घरघर पुन्हा वर गेली, पण लांब गेली नाही. करंट येईपर्यंत गावावर गोल गोल फिरत राहिली.

तेव्हापासून दिवेलागणीला शांभवीच न चुकता माडीवर जाते आणि वरच्याला वाट दिसावी म्हणून पेटता कंदील कठड्यावर ठेवते. ट्रकचं नाव आता काढत नाही. घरघर अजून फिरतेच आहे. कंदील रात्रभर जळतो, सकाळी काढायला जावं तर त्याची टाकी गळ्यापर्यंत भरलेली असते. घरात रेशनचं रॉकेल येऊन कित्येक महिने झालेत.