बिनखांबी सज्जा

सोजरबाई आली तेव्हा हवालदार बाबूसिंग बशीतल्या चहावर फुंकर घालत होता. बाई आत आली ती थेट रामराव सरनाईकांसमोर खाली बसली.

"माह्या मालकाले फाशी होईन, रामरावजी. त्यायनं काई केलं नाई."

रामरावांनी वऱ्हाडच्या पोलिसात अकरा वर्षं काढली होती. मग एका गोऱ्या साहेबाशी खटका उडाला, वर्दी उतरली आणि ते वाशिमात खाजगी तपास करू लागले. बाबूसिंगही पेन्शनीत निघून त्यांच्याकडे आला. हवालदाराची छाती रुंद होती आणि डोकं सवडीने चालायचं, पण चालायचं हे खरं.

बाई सांगत होती ते सारा वाशीम आठ दिवस बोलत होता. रिसोडचे इंदरचंद शेठ विलायती मासिकातल्या चित्रांनी झपाटले होते. फ्रान्स, जर्मनी, अमेरिका, सगळीकडे म्हणे आता सपाट गच्चीची, गोल कोपऱ्यांची, सिमेंटची घरं उठत होती. तसंच घर त्यांना रिसोडात हवं होतं. पुढे आठ फूट सज्जा, खाली एकही खांब नाही. सोमवारी सज्ज्याखालचे लाकडी टेकू काढले आणि सज्जा धाडकन शेठच्या अंगावर आला. शेठ जागीच गेले. तुकड्यांना मुंग्या लागल्या तेव्हा फौजदाराला कळलं, सिमेंटात गूळ होता. गुळाचं मडकं सापडलं ते सोजरबाईच्या नवऱ्याच्या, पुंजाजी मिस्त्रीच्या झोपडीत.

"भांडण होतं काय शेठशी?" रामरावांनी विचारलं.

"मागच्या महिन्यात शेठनं चारचौघात यायच्या थोबाडीत मारली. हे म्हनाले, हा सज्जा तुमालेच गिळन. तोंडाचे फाटके हायेत, पन खुनी नाईत."

"कधी कोर्टाची पायरी चढला होता?"

"एकडाव. इथल्या मालेगावच्या कापसाच्या जिनिंगची भीत पडून मानसं मेली तवा. साक्ष देल्ली होती. पंधरा वर्सं झाली."

दुपारच्या मोटारीने रामराव आणि बाबूसिंग रिसोडला उतरले. घर खरोखर वेगळंच होतं. आजूबाजूच्या कौलांमध्ये ते पांढरं, लांबट, आगबोटीसारखं उभं होतं. रामरावांनी पडलेल्या सज्ज्याचा तुकडा उचलला. वरचा इंचभर थर टणक, आतला माल बोटाने भुगा होत होता. मग आत जाऊन त्यांनी दिवाणखान्याच्या छतावर हातोडी मारली. हातोडी खणकन मागे आली.

"माणसं तीच, सिमेंटची पोती तीच," ते पुटपुटले. बाबूसिंगने मान हलवली, कारण मान हलवणं त्याला सोपं वाटलं.

कोठडीत पुंजाजीचा डावा हात फळीला बांधलेला होता.

"हात कसा मोडला?"

"शेवटचा टेकू मीच काहाडला ना जी. कड लागली. दोन पावलं आत असतो तं मीबी गेलो असतो."

"गूळ वापरतोस?"

"चुन्यात वापरतो. हिरडा, बेल आन् गूळ आठ दिस भिजू घालाचे. पानी काळंशार होते. त्याच्यानं चुना लोखंडावानी होते, आमचा बाप बी तसंच करे."

"आणि सिमेंटात?"

"इंजिनियर सायबानं काईच टाकू देल्लं नाई. सज्जा भरला त्या दिशी तं पिपातलं पानी बी त्यायनं सोता मोजून देल्लं."

शेठचा पुतण्या कांतीलाल मात्र धुमसत होता. "घर होतं का तमाशा? काकांना मी शंभरदा सांगितलं. दुःख आहे, पण नवल नाही." सज्जा भरला त्या आठवड्यात तो अकोल्याच्या कापूस बाजारात होता. तिथल्या अडत्याने तसं लिहूनही दिलं.

जतनबाई शेठाणींचे डोळे रडून सुजले होते.

"टेकू काढताना शेठ खाली काहून उभे राह्यले?" रामरावांनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"विलायतेत म्हने तशीच रीत हाये. मालकानं खाली उभं राहून भरवसा दाखवाचा."

"कुठं वाचलं त्यायनं?"

"वाचतात कायचे? इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. बस, चित्रं पाहत."

शेवटी खडसे इंजिनियर. तिशीच्या आतला, नागपूरच्या मामांकडे वाढलेला, स्वच्छ शुद्ध बोलणारा. त्याने नकाशा पसरला. खाली सही होती, जे. जे. खडसे.

"नकाशा निर्दोष आहे," तो म्हणाला. "शेठजींनी खाली उभं राहायची ती रीत मासिकात वाचली असावी. मी त्यांना नको म्हणत होतो."

"पुंजाजी म्हणतो, गूळ मी टाकला नाही."

"कोर्टातही तेच सांगेल. खोटी शपथ त्याला नवी नाही."

रामरावांनी नकाशाची घडी हळूच घातली. बाहेर येताच ते बाबूसिंगला म्हणाले, "हवालदार, अकोल्याला जा. मालेगावच्या जिनिंगच्या खटल्याचे कागद पाहून या."

तिसऱ्या दिवशी पडलेल्या सज्ज्यासमोरच्या अंगणात सगळे जमले. फौजदारांनी पुंजाजीला बेडीसह आणलं होतं. सोजरबाई भिंतीला टेकून उभी होती.

रामराव शेठच्या मासिकाची पानं उलटत बोलू लागले.

"फौजदारसाहेब, पुंजाजीने सूड म्हणून गूळ टाकला म्हणता. पण त्याच्या लेखी गूळ बांधकाम मजबूत करतो. जीव घ्यायला निघालेला माणूस सज्जा बळकट करील काय?"

"मग सवयीने टाकला असेल," फौजदार म्हणाले.

"सवयीने टाकला असता तर हिरड्यासकट टाकला असता. हा माल काळा पडला असता. तो पांढुरका आहे. आणि सवय एका सज्ज्यापुरती नसते, छतही असंच भुसभुशीत निघालं असतं. शिवाय सज्जा पडणार हे ठाऊक असलेला माणूस शेवटचा टेकू स्वतः काढत नाही. गुळाने सिमेंट मरतं, हे इथे कुणाला माहीत? पुस्तकं शिकलेल्याला. त्या दिवशी पाणी कुणी मोजलं? इंजिनियरने. त्यानेच वर चांगल्या मालाचा थर दिला आणि मडकं झोपडीत ठेवलं."

खडसे शांतपणे हसला. "आणि शेठना खालीही मीच उभं केलं?"

"तुम्हीच. हे मासिक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. असली रीत यात कुठेच नाही. शेठना इंग्रजी वाचता येत नव्हतं. विलायतचं म्हणून जे सांगाल ते त्यांना खरं वाटायचं."

"कारण?"

"ते तुम्हीच बोलून गेलात. खोटी शपथ पुंजाजीला नवी नाही! पुंजाजी आयुष्यात एकदाच शपथ घेऊन बोलला, पंधरा वर्षांपूर्वी. नागपूरच्या माणसाला ते कसं ठाऊक? बाबूसिंग, कागद काय म्हणतात?"

बाबूसिंगने घसा साफ केला. इतक्या लोकांपुढे वाचायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. "जिनिंगचे मालक इंदरचंद शेठ. आरोपी जानराव गोटे मुकादम. साक्षीदार पुंजाजी मिस्त्री. जानराव तिसऱ्या वर्षी तुरुंगात मयत. मागे बायको प्रयागबाई आणि मुलगा जगदेव."

"जगदेव जानराव," रामराव म्हणाले. "आडनाव तेवढं मामांचं."

इंजिनियरचा आवाज चढला आणि त्यातली नागपूरची कल्हई उडाली.

"व्हय! माह्या बापानं सांगतलं होतं, भीत वली हाये, वर नका चढवू. शेठनं जबरदस्तीनं चढवाले लावली. मानसं मेली आन् ह्या पुंजाजीनं देवाची शपथ घेऊन बापाचं नाव घेतलं. शेठ भितीखालीच मराले पाह्यजे होता, तो मेला. ह्याले फाशी नको होती मले. न केलेल्या गुन्ह्यात मानूस कसा सडते, तेवढं ह्याले कळाले पाह्यजे होतं!"

बाबूसिंगला त्या क्षणी त्या पोराचा राग आला नाही, आणि राग येत नाही याचीच त्याला लाज वाटली.

फौजदारांनी बेडी पुंजाजीच्या हातातून काढून जगदेवच्या हातात घातली. सोजरबाईला आनंदाने रडू फुटायला हवं होतं. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खरं हाये काय हे?"

पुंजाजी खाली पाहत राहिला. "शेठ म्हने, जानराव नाई तं तू. घरात तू दोन जिवाची होती."

सोजरबाईने डोळे मिटले, उघडले. मग ती जगदेवकडे वळली. "तुही माय कुठं राह्यते?"

"मालेगावात. काहून?"

"तिले सांगाचं हाये. जानरावभाऊ खोटे नव्हते म्हनून. हे सांगतीन, सोताच्या तोंडानं."

जगदेव हसला, आणि ते हसू पाहून पुंजाजी एक पाऊल मागे सरला.

"जा. पंधरा वर्सं झाली, माय ह्याचीच वाट पाहून राह्यली. विळ्याले रोज धार लावते."

"ऐकलं काय तू?" पुंजाजी बायकोला म्हणाला.

सोजरबाईने त्याचा धड हात धरला.

"ऐकलं. म्हनूनच जा लागते. चाला, मोटार सुटन."