समोर कोणीतरी असतंच

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही शनिवारी घडली. टळटळीत दुपारी, खिडक्यांचे पडदे उघडे असताना.

खोटं वाटलं तर वाटू द्या. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे आणि त्याला थापा मारता येत नाहीत. मारायला गेला की कान लाल होतात. हे सांगताना कान पांढरे होते.

घरात आणि ऑफिसातही सगळे त्याला दादाच म्हणतात.

त्याचं काम कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक लुटुपुटीचे कॉम्प्युटर चालवता येतात. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत. ते एकमेकांशी बोलतात, पण मध्ये तार नसते. निरोप इकडून तिकडे नेणारा एक छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. दादा तो लिहितो. आणि दादाने लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर.

कंपायलर महाचिक्कू. जे लागणार नाही ते गाळतो. पण खात्री पटल्याशिवाय एक अक्षर गाळत नाही.

ड्रायव्हर संथ होता. साहेबांनी सांगून टाकलं होतं, सोमवारपर्यंत वेग वाढला नाही तर टीम बंद.

त्या शनिवारी ऑफिसात दोघंच. दादा, आणि चाचण्या घेणारी मुलगी. तिला सगळे शंकासुर म्हणत, कारण ती कशावरच विश्वास ठेवत नसे. सातवा महिना चालू होता तिला. दवाखान्याचा सगळा खर्च ऑफिसच्या विम्यावर.

"टीम गेली तर माझं बाळंतपण तुझ्या घरी, दादा. आत्ताच सांगून ठेवते."

"ये की. तुझी वहिनी वाटच बघतेय कोणाला तरी रागवायला."

हसले दोघंही. पण फार वेळ नाही.

वेग कुठे अडत होता ते दादाला सापडलं होतं. प्रत्येक निरोपाआधी ड्रायव्हर विचारायचा, समोर कोणी आहे का? दर वेळी. प्रत्येक निरोपाला. ती तपासणी दादाने पुसली नाही. हात धजला नाही. त्याने फक्त वर एक ओळ लिहिली, कंपायलरसाठी. समोर कोणीतरी असतंच, असं धरून चाल.

असं वचन कंपायलरला देता येतं. खरं की खोटं, तो विचारत नाही.

कंपायलरने तपासणी स्वतःहून गाळली. वेग दुपटीच्या वर गेला.

दादाने खुर्चीतच गिरकी घेतली.

"नाचू नकोस," शंकासुर म्हणाली. "समोरचं लुटुपुटीचं मशीन बंद करते. आता ड्रायव्हर तोंडावर आपटला पाहिजे."

"आपटणारच. तेवढं नंतर सावरून घेऊ."

तिने समोरचं मशीन बंद केलं.

ड्रायव्हर आपटला नाही.

उत्तरं येत राहिली...

"तू भलतंच बंद केलंस."

"मी? भलतं?" तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. मग त्याच्यादेखतच ते मशीन नुसतं बंद नाही, मुळासकट पुसून टाकलं.

उत्तरं येत राहिली.

आधीपेक्षा लवकर.

"मेमरीत जुनं काहीतरी पडलं असेल," दादा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच पोकळ वाटला.

चाचणी साधी होती. इकडून आकड्यांची माळ जायची, समोरच्याने ती उलटी करून परत पाठवायची. दादाने नवी माळ टाकली. मनाला येईल तशी, आधी कधीच न पाठवलेली.

उलटी होऊन आली. एकही आकडा न चुकता.

आणखी एक.

आली.

दादाने पाठवणं थांबवलं. खोलीत फक्त पंख्यांची घरघर. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं, आणि दोघंही दचकले.

मग...

एक निरोप आला. कोणी न मागता.

दादाने तो उघडला. ओळखायला वेळ लागला नाही, त्याच्याच हातचा होता. त्याने लिहिलेली, कंपायलरने गाळलेली, या प्रोग्राममध्ये आता कुठेच नसलेली ती विचारणा.

समोर कोणी आहे का?

शंकासुरने दोन्ही हात पोटावर घेतले.

"उत्तर देऊ नकोस."

"मी कीबोर्डला हातसुद्धा लावलेला नाही."

पण पाठवलेल्या निरोपांचा आकडा...

एकाने वाढला.

"वचन मागे घे," ती म्हणाली. "दादा, आत्ताच्या आत्ता!"

त्याने ती ओळ पुसली. पुन्हा कंपायलर चालवला. मशीनच्या भाषेत उतरलेलं उघडून तपासणी शोधली.

नव्हती.

"जुन्या फायली राहिल्या असतील. सगळं पुसून पहिल्यापासून कर."

केलं.

नव्हती.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर केलं. तिथला कंपायलर वेगळा, त्याने ते वचन कधी ऐकलंही नव्हतं.

नव्हती.

"पण आता त्याला सांगितलं कोणी?" शंकासुरने विचारलं. "ओळ तर तू काढलीस."

कोणी सांगितलं नसेल तर एकच उरतं.

कंपायलरची स्वतःचीच खात्री पटली होती.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

"काय रे, वेग?"

"वाढलाय, सर. पण..."

"मग पण कसला? पाठवून दे. सोमवारी मी वरच्यांसमोर तोंड वर करून बसतो."

दादाने फोनवर हात ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. ती आयुष्यात कशालाच 'चालेल' म्हणाली नव्हती. तो तिच्या 'नाही'ची वाट बघत होता. ती म्हणाली असती तर नसतं पाठवलं, हे तो आजही सांगतो.

ती स्क्रीनकडे न बघता खिडकीकडे बघत होती.

"पाठव," ती म्हणाली.

टीम वाचली. बाळ सुखरूप झालं, गुटगुटीत आहे. तिने मात्र ते काम सोडलं. त्या दुपारचा विषय निघाला की उठून आत जाते.

तो ड्रायव्हर आता कुठे कुठे चालतो याचा हिशेब नाही. दादाला बढती मिळाली. लोक म्हणतात, असा पक्का ड्रायव्हर पाहिला नाही.

इतकी मशिनं रोज बंद होतात. मध्येच मरतात, पुसली जातात. तपासणी नसलेला ड्रायव्हर तिथे कोसळायलाच हवा. नियमच आहे तसा.

दादा रोज सकाळी चहाच्याही आधी तक्रारी उघडतो. मी विचारलं, "कसली भीती वाटते? कोसळला म्हणून कोणी बोलेल याची?"

"नाही रे," तो म्हणाला. "एकदा तरी कोसळू दे. कुठेतरी, कुणाचातरी. समोर कोणी नव्हतं म्हणून."

अजून एकही तक्रार आलेली नाही.