लांब दगडाचं शेपूट

थोरल्या गवंड्याला भिंतीने भरदुपारी आत ओढून घेतलं. अख्खा. एक चप्पल तेवढी बाहेर राहिली.

आता हे विसरा. असं काही घडलंच नाही. साइटच्या ऑफिसचं म्हणणं, तो न सांगता काम सोडून गेला. आणि ऑफिसला सगळं कळतं.

पण गोष्ट खरी आहे. डोळ्यांनी पाहणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ, तोही गवंडीच. एरवी तो चिकार थापा मारतो. पण प्रत्येक थापेत तो स्वतः हिरो असतो. या गोष्टीत नाही. यावरूनच काय ते ओळखा.

भुतं रात्री निघतात म्हणे. ही शनिवारी दुपारी निघाली, जेवणाच्या सुट्टीत, टळटळीत उन्हात.

उताराच्या पायथ्याशी नव्या इमारतीचा खड्डा खणला होता. खड्ड्यामागे जुनी दगडी भिंत, दोन मजले उंच. भिंतीने उताराची माती अडवलेली. आणि वर, त्या मातीच्या डोक्यावर, घरांची रांग. भिंत गेली की माती खाली, आणि मातीबरोबर घरंही.

भिंतीला मधोमध पोट सुटलं होतं. सकाळीच इंजिनिअर मॅडमनी ओळंबा सोडून ते मोजलं. मग हातोडीने दगडन्‌दगड ठोकला. चांगला दगड टणकन वाजतो. पोटावरचे दगड...

भद्द वाजत होते.

"मागे पोकळी आहे. माती वाहून गेली असणार," मॅडम म्हणाल्या.

"मग भिंत उभी कशाच्या जोरावर?" धाकट्याने विचारलं.

"सवयीच्या," थोरला म्हणाला. "माझ्या संसारासारखी."

मॅडम हसल्या नाहीत. जाताना बजावून गेल्या, "पोटावरचे दगड काढून नीट बसवा. पण लांब दगड काढायचा असेल तर आधी टेकू. टेकूशिवाय हात लावायचा नाही."

लांब दगड म्हणजे भिंतीची खुंटी. तोंड बाहेर आणि शेपूट आत, पार मातीत. तो निघाला की शेजारचे सगळे सैल.

बाकीचे जेवायला गेले. थोरल्याने पहार उचलली आणि पोटावरच्या एका लांब दगडाच्या फटीत घातली.

"दादा, टेकू?"

"तू लाकडं आणशील तोवर मी दगड काढून, बसवून, जेवून एक झोप काढीन."

"मॅडम ओरडतील."

"ओरडू दे की. तुझ्यावरच ओरडतील."

पहारेच्या जोराने दगड वीतभर बाहेर आला.

मग... परत आत गेला.

घसरला नाही. कुणीतरी ओढून घ्यावा तसा गेला.

"ढकललास का रे?"

"मी तुझ्या बाजूला उभा आहे, दादा."

पुन्हा पहार. दगड बाहेर. पुन्हा आत.

थोरला पेटला. "स्वतःची दाढ पकडीने उपटलेला माणूस मी. हा दगड काय चीज आहे!"

दगडाला साखळी बांधून दोघांनी जीव खाऊन ओढली. दगड धाडकन खाली पडला. धाकट्याने त्याचं शेपूट पाहिलं. विहिरीच्या काठाला दोराने पडतात ना, तशा त्यावर खाचा होत्या. गुळगुळीत झालेल्या.

बोटांच्या.

भोकात माती नव्हतीच. नुसता अंधार. आणि त्यातून ऊबदार हवा येत होती... थांबत... पुन्हा येत.

भिंत हलली तर कळावं म्हणून चिरेवर काचेची पट्टी चिकटवली होती. ती टिचकन तडकली.

थोरल्याने खोली बघायला सळई आत घातली. सळई हातातून सर्रकन गेली. पडल्याचा आवाज...

आला नाही.

"अरे, माझी सळई!" थोरल्याने खांद्यापर्यंत हात आत खुपसला.

"दादा, नको!"

थोरल्याचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. "कुणीतरी... हात धरलाय."

धाकट्याला वाटलं, झाली याची थट्टा सुरू.

तेवढ्यात हिसका बसला. थोरल्याचं तोंड दगडावर आपटलं. नाक फुटलं. दुसऱ्या हिसक्याला पुढचे दात गेले. तिसऱ्याला खांदा निखळला, कडकन.

भिंतीला कान असतात हे धाकट्याने लहानपणापासून ऐकलं होतं. हातांबद्दल कुणी बोललं नव्हतं.

त्याने घण उचलला आणि भोकाशेजारच्या दगडाचा कोपरा उडवला. उजेड आत गेला.

आत माणसं उभी होती. खांद्याला खांदा लावून, पाठ मातीला टेकवून. चुन्यासारखी पांढरी. प्रत्येकाने एकेका दगडाचं शेपूट दोन्ही हातांनी धरलेलं. एकाचेच हात दगडाशिवाय होते.

त्याने थोरल्याला धरलं होतं.

धाकट्याने त्या हातांवर घण घातला. कोपर वाळक्या लाकडासारखं तुटलं. वरून खडी गळली, भिंतीचं पोट आणखी फुगलं. वरच्या कुठल्यातरी घरात भांडी घरंगळली, एक बाई किंचाळली. शेजारच्याने आपला दगड सोडून थोरल्याला धरलं. धाकट्याने त्याचाही पंजा चेचला. मग तिसऱ्याचा. भिंत कण्हली.

"मारू नकोस!" थोरला रक्त थुंकत ओरडला. "ते भिंत धरून उभेत!"

"मरू दे भिंत!"

"वर माणसं जेवताहेत, गाढवा!"

धाकट्याने ऐकलं. नीट ऐकलं. तरी घण उचलला.

घाव खाली येईतो थोरला आणखी आत गेला होता. घाव त्याच्याच दंडावर बसला. हाड बाहेर आलं.

थोरला ओरडला नाही. "बास रे," एवढंच म्हणाला.

भोक जेमतेम बादली जाईल एवढं. थोरला दारातूनही तिरका होऊन येणारा, आडव्या अंगाचा माणूस. तरी गेला. कसा गेला ते धाकटा सांगत नाही. ओल्या फांद्या मोडताना होतो तसा आवाज बराच वेळ येत होता, एवढंच सांगतो.

मग सगळं शांत.

मग भोकातून दोन हात बाहेर आले. एकाचा दंड मोडलेला. त्या हातांनी खाली पडलेला लांब दगड उचलला... आणि शेपटाकडून आत ओढून घेतला.

टण.

मॅडम जेवून आल्या. त्यांनी ओळंबा सोडला. भिंत सुतासारखी सरळ! पोट गायब. दगड ठोकले, सगळे टणटणीत. धाकटा चपलेवर पाय ठेवून उभा होता.

"वा! टेकू कसला लावलात?"

धाकट्याने चप्पल पायाखाली आणखी दाबली.

"आता ही शंभर वर्षं हलत नाही," मॅडम खुशीत म्हणाल्या.

शंभर वर्षं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "जेवले होते का?"

नव्हता जेवला.

धाकटा अजून संध्याकाळी त्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो. बरं वाटतं म्हणून नाही. पाठीमागून कुणीतरी एका हातावरचं ओझं दुसऱ्यावर घेतल्यासारखा दगड किंचित हलतो म्हणून. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, उन्हाने दगड फुगतो.

शेवटी त्याने ऑफिसात थोरल्यासाठी रजेचा अर्ज दिला. काम सोडून गेलेल्याला रजा कसली, म्हणून ऑफिसने तो परत केला. अर्ज असा:

"महोदय, सदर भिंतीच्या मधल्या भागात अखंड कामावर हजर असलेला थोरला गवंडी यास येत्या रविवारी अर्धा दिवस हात मोकळे करून, बसून जेवण्याची परवानगी मिळावी. तेवढा वेळ मातीने रेटू नये, ही नम्र विनंती."