कोरा रकाना

ही गोष्ट खरी आहे. माझा मावसभाऊ वैजनाथ खोटं बोलणाऱ्यातला नाही, आणि असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातलाही नव्हता.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली. रात्र नव्हे... भर दुपार.

वैजनाथ नगरला एमआयडीसीत फिटर आहे. मूळ गाव जामखेडकडं. त्याच्या एकुलत्या एक मुलीचा, जयाचा, नर्सिंगला नंबर लागला, पण जातीची पडताळणी अडकली. आजोबांच्या जन्माची जुनी नोंद आणा, म्हणाले. मुदत संपत आलेली.

म्हणून तो तिकडच्या एका कचेरीत गेला. कोणत्या, ते सांगत नाही.

मागच्या बाजूला रेकॉर्डची खोली. एकच पत्र्याचं दार. खिडकीला जाळी. छतापर्यंत मांडण्या, त्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे.

तिथले कर्मचारी रामहरीअण्णा त्याला गावाचा गठ्ठा देऊन म्हणाले, "बसा बघत. मी डबा खाऊन येतो. दार लोटून घेतो, कुत्री शिरत्यात."

वैजनाथ एकटाच राहिला.

नशिबानं वही मोडी लिपीत नव्हती. तो पानं उलटू लागला.

थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं... मांडणीपलीकडेही कोणीतरी पानं उलटतंय.

तो थांबला की तेही थांबायचं.

"कोण हाय?"

तो पुन्हा वहीकडं वळला.

आणि तेवढ्यात नोंद सापडली. आजोबांचं नाव, कानिफनाथ. बापाचं नाव, जात, सगळं स्वच्छ! डोळे भरून आले त्याचे. मोबाईलवर फोटो काढला आणि अण्णांना बोलवायला तो दाराकडे धावला.

दार उघडेना.

खांदा लावला. लाथा घातल्या. पत्रा धडाधडा वाजला, पण दार तसूभर हललं नाही.

खिडकीतून समोरच लिंबाखाली अण्णा जेवत बसलेले दिसत होते. अगदी हाकेच्या अंतरावर.

"अण्णा! ओ अण्णा!"

घसा फाटेस्तोवर ओरडला तो. अण्णांनी शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला, लोणच्याला लावला आणि तोंडात घातला. मानसुद्धा वर केली नाही.

मग पाठीमागून आवाज आला...

"कानिफ गावला का रं?"

आवाज लहान पोरीचा. बोलण्याची ढब मात्र म्हातारीची.

"व्हय," वैजनाथच्या तोंडून आपसूक गेलं.

"मंग माजं बी बग की."

पाय नको म्हणत होते, तरी तो वहीपाशी परतला. कानिफनाथच्या खालची ओळ. तीच तारीख, तोच बाप. मुलगी. पुढं, आठवड्याच्या आतच मयत.

आजोबांना जुळी बहीण होती, हे घरात कोणी कधी बोललंच नव्हतं.

"काय लिवलंय?"

"मुलगी."

"आन् नाव?"

नावाचा रकाना कोरा होता. बारशाआधीच गेलेली पोर...

"नाव न्हाई," तो कसाबसा म्हणाला.

खोलीतली हवा जड झाली. छाती भरून श्वास घेता येईना.

"तू लिव."

"आजी, सरकारी कागद हाय. त्यात खाडाखोड झाली तर माज्या लेकीचं वर्ष वाया जाईल. पाया पडतो, दार उघड."

"तू आत्ता आलास... मी कवाची हाय हितं."

आणि त्याच्या सदऱ्याचं टोक खालून कोणीतरी धरलं. घट्ट. इवल्याशा मुठीनं.

खाली बघायची हिंमत झाली नाही.

त्यानं खिशातलं पेन काढलं. पण नाव कुठलं लिहायचं? डोकं सुन्न झालेलं. एकही बाईमाणसाचं नाव आठवेना.

एकच आठवलं.

त्यानं ते लिहिलं.

त्याच्या कमरेपाशी कोणीतरी ते नाव हळूच उच्चारून पाहिलं... नव्या पातळाची घडी मोडावी तसं.

मूठ सुटली.

दारात अण्णा उभे होते. "पाव्हणं, घामानं भिजलाय की! काय झालं?"

"दार... किती हाका मारल्या तुम्हाला!"

"मला न्हाई आल्या. आन् दार तर नुसतं लोटलेलं हुतं."

वैजनाथनं वहीत पाहिलं.

रकाना कोरा होता. शाईचा ठिपकासुद्धा नाही.

नक्कल मिळाली. पडताळणी झाली. जया पुण्याला हॉस्टेलवर गेली. सगळं सुरळीत झालं.

दिवाळीत मी त्यांच्याकडं गेलो होतो. जया सुट्टीला आलेली. वैजनाथ तिला 'बाळा' म्हणे, 'अगं' म्हणे. नावानं एकदाही हाक नाही. तीच हसून म्हणाली, "काका, पप्पा माझं नाव विसरलेत."

संध्याकाळी ओट्यावर मी त्याला छेडलं, तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं.

"अरे, पण कागदावर तर काही उमटलंच नाही," मी म्हणालो. "मग पोरीला हाक मारायला काय हरकत आहे?"

त्यानं एकदा मागं घराच्या दाराकडं पाहिलं.

"एकदा मारली. जया पुण्याला हुती, बायको माहेरी. कामावरनं आलो अन् सवयीनं तोंडातनं गेलं... जया, पानी आन गं."

"मग?"

"आतनं ओ आली."

मी मुक्कामाला राहायच्या तयारीनं गेलो होतो. पण शेवटची गाडी धरून निघून आलो.