उजव्या सीटखालचा पोचा

लाइट यायला वेळ आहे, तोवर सांगते. दिवा जरा तुमच्याकडे ओढून घ्या. फक्त मध्येच "असं कसं होईल" म्हणू नका. सुरुवातीला मीही तेच म्हणत होते.

बेलापूर रस्त्यावरचं हे माझं गॅरेज तुम्ही पाहिलंच आहे. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायच्या, हा माझा उद्योग. बाई हातोडी धरते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे, आता गाड्या घेऊन येतात. त्या दिवशी एका जीपच्या आरशाची दांडी हवी होती, म्हणून श्रीरामपूरला भंगारवाल्याकडे गेले होते. तिथे टेम्पोतून एक गाडी उतरवत होते. लांब नाक, आखूड शेपूट, पुढच्या जाळीत पळणारा घोडा. अमेरिकन मस्टँग, सदुसष्टचं मॉडेल. लाल रंग पार विटकरी पडलेला. मी आयुष्यात इतकी देखणी गाडी इतक्या वाईट अवस्थेत पाहिली नव्हती.

"कुठून आणली?" मी विचारलं.

"ज्ञानेश्वरभाऊंच्या मळ्यातून. शेड पाडायला काढलंय त्यांनी. गॅसनं कापून टाका म्हनले, आजच्या आज."

माझ्या हातातली दांडी तशीच राहिली. ज्ञानेश्वरभाऊ म्हणजे आमच्या भागातले मोठे बागाईतदार. आणि त्यांच्या शेडमधली लाल गाडी म्हणजे माझ्या वडिलांचा जीव घेतलेली गाडी.

माझे वडील, बन्सी, मेकॅनिक होते. मी रांगत होते तेव्हा भाऊंनी मुंबईहून ही गाडी आणली, आणि ती चालू करायचं काम बाबांना दिलं. पहिल्यांदाच बाहेर निघाली त्या संध्याकाळी ती फाट्यापुढच्या वळणावर उलटली. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली केशरबाई नावाची बाई बैलगाडीमागून चालत होती, ती चिरडली. बाबा बाहेर फेकले गेले आणि जागीच संपले. भाऊ म्हणाले, बन्सीनं मला न विचारता गाडी काढली, मी घरी होतो. गाडी ट्रॅक्टरनं ओढून शेडमध्ये नेली, वर ताडपत्री पडली, आणि पुन्हा कुणी ती पाहिली नाही.

तेव्हापासून माझी आई, गीताबाई, 'त्या ड्रायव्हरची बायको' झाली. दारू प्यायला होता, असंही कुणीतरी जोडलं. आई एकच सांगायची, "त्यो सकाळीच म्हनला हुता, ब्रेक अजून बसला न्हाई, आज गाडी भाईर काढायची न्हाई." पण तिचं कोण ऐकतो? दर वर्षी ती त्या वळणावर केशरबाईच्या नावानं दिवा लावायची, आणि लोक म्हणायचे, बघा, मनात पाप आहे म्हणून लावते.

मी गाडीच्या दारातून आत वाकले आणि थांबले. स्टिअरिंग डावीकडे होतं.

आता अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, हे मला सांगायला नको. पण ही गाडी अमेरिकन आहे, हेच आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. घरात ती नुसती 'लाल गाडी' होती.

भंगाराच्या भावानं विकत घेऊन मी गाडी गॅरेजवर आणली. आख्ख्या रस्त्यानं डोक्याला हात लावला. शेडमध्ये तिन्हीसांजेला तिच्यात कुणीतरी बसलेलं दिसायचं म्हणे, गडी तिकडे फिरकत नसत. मी म्हटलं, बसत असेल तर माझा बाप बसत असेल, तुमच्या पोटात का दुखतंय? बसू दे बसायचं तितकं.

तोंडानं बोलणं सोपं असतं, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

उजव्या सीटखालचं कुजलेलं कार्पेट मी उचकटलं तेव्हा तळाच्या पत्र्याला एक पोचा दिसला. टाचेएवढा, खोल, पुढच्या बाजूला. त्या जागी ना पेडल, ना काही. शेजारी बसणाऱ्याचे पाय असतात तिथे. मी वरून लोखंडी ठोकळा लावला, खालून हातोडी मारली, पत्रा आरशासारखा सपाट केला, प्रायमर मारला. सकाळी शटर उघडलं, तर पोचा परत होता. प्रायमर त्याच्याभोवती तडकलेला.

पत्र्याला सवय लागते, तो परत वाकतो, अशी मी मनाची समजूत घातली. पुन्हा ठोकला. पुन्हा आला. मग चिडून तो भागच कापून काढला आणि नवा जाड पत्रा वेल्डिंग करून बसवला. त्या संध्याकाळी मी इंजिनात डोकं घालून होते. कारखान्याच्या मळीचा वास हवेत होता, रोजचाच. त्यात हळूच दुसरा वास मिसळला. ब्रेक घासून जळतात तेव्हा येतो तो. गाडीला तेव्हा ब्रेकच नव्हते, मी सगळे काढून ठेवले होते…

टक्.

तेलाच्या डब्याचं झाकण आत दबतं तसा आवाज. उजव्या सीटखालून.

मी हात पुसले, आत पाहिलं. नव्या पत्र्यावर टाच उमटली होती. हात लावला तर पत्रा कोमट होता. खोटं कशाला सांगू, मी जमिनीवरच बसले. आणि बसल्या बसल्या मला उमगलं. मेकॅनिकला कधी दुसऱ्याच्या शेजारी बसवून बघा. चालवणारा ब्रेक दाबायला उशीर करायला लागला की आमचा पाय आपोआप आपटतो, तिथे पेडल असो वा नसो. माझाही आपटतो. बाबांचाही आपटला होता, सगळ्या जिवानिशी. गाडी दुसरंच कुणीतरी चालवत होतं.

त्या दिवशी मी त्या सीटवर डोकं टेकून खूप रडले. भीती रडण्यात कुठे गेली, कळलंच नाही.

बातमी पोचायला वेळ लागत नाही. ज्ञानेश्वरभाऊ दुपारी स्वतः आले. आता म्हातारे झालेत, पण इस्त्री तीच.

"वृषाली, ती गाडी अपशकुनी हाय. तुला दुसरी देतो. हिला जाऊ दे."

"नाही जाऊ देणार."

"पोरी, का मुडदे उकरतीस?"

"तुम्ही शेडमध्ये इतकी वर्षं झाकून ठेवलेत, म्हणून उकरावे लागतात."

त्यांनी आवाज खाली आणला. "मी त्या गाडीत कधी बसलोच न्हाई… बन्सीच…"

टक्.

भाऊंची नजर उजव्या सीटकडे गेली आणि तिथेच अडकली.

"काय… काय वाजलं?"

"बाबा आहेत," मी म्हटलं. "ब्रेक शोधतायत."

ते आले तसे गेले. चप्पल नीट पायात शिरली नव्हती, तरी थांबले नाहीत. मला मात्र तेवढ्यानं भागणार नव्हतं. भाऊ घाबरले म्हणजे बाबा सुटले असं थोडंच आहे? ज्या माणसाच्या शब्दावर सगळं ठरलं होतं, त्या माणसाकडे मला जायचं होतं.

ती भागूबाई. फाट्यावर तिची चहाची टपरी, तेव्हाही होती, आजही आहे. तिनंच पोलिसांना सांगितलं होतं, गाडी बन्सी चालवत होता, मी डोळ्यानं पाहिला. ती खोटारडी बाई नाही. म्हणूनच तिचा शब्द कुणी खोडला नाही.

गाडी तयार व्हायला पावसाळा गेला. सुटे भाग अमेरिकेतून आले, रंग मी तोच लाल दिला. ब्रेक मी स्वतः बसवले, दहादा तपासले. उजव्या सीटला नवा फोम घातला. पोचा मात्र ठोकला नाही. राहू दे म्हटलं.

पहिल्यांदा गाडी काढली ती दिवेलागणीलाच. मुद्दाम. आई दारात उभी होती, तिनं पुढे येऊन उजव्या सीटवर एक झेंडूचं फूल ठेवलं.

रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ऊस, इंजिनाची घुरघुर, आणि तो जळका वास पुन्हा… मी मान उजवीकडे वळवली नाही, पण डोळ्याच्या कडेनं दिसत होतं. फूल गडगडत सीटच्या मधोमध जात होतं, कुठेतरी उतार असल्यासारखं. फाटा जवळ आला. समोरून बैलगाडी येत होती. आणि शेजारून आवाज आला, टक्… टक्… घाईघाईनं.

"बाबा," मी मोठ्यानं म्हटलं, "ब्रेक माझ्या पायाखाली आहे. बसलाय नीट. हे बघा, दाबते."

गाडी टपरीसमोर अलगद उभी राहिली. टपरी माझ्या उजव्या हाताला. भागूबाईच्या हातातली किटली खाली पडली.

"बन्सी!" ती किंचाळली. "अगं बाई, बन्सी गाडी चालवतोय… तसाच… तसाच बसलाय…"

बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली. मी डावं दार उघडलं, उतरले, वळसा घालून तिच्यासमोर गेले.

"मावशी, गाडी कोण चालवत होतं?"

"बन्सी. आत्ता… ह्या अंगाला… खिडकीत हात टाकून…"

"मग मी कुठून उतरले?"

मी तिचा हात धरला, उजवं दार उघडलं. सीट रिकामी होती, पण नवा फोम दबलेला होता, आणि आमच्यादेखत सावकाश वर येत होता. फूल चुरगळलं होतं. भागूबाईनं हात पुढे केला, जिथे स्टिअरिंग असायला हवं तिथे हवेत फिरवला.

"चाक कुठंय गं?"

"पलीकडे, मावशी. पहिल्यापासून पलीकडेच होतं."

ती मटकन खाली बसली. "अंधार पडला हुता… पलीकडं कोन हुता, मला दिसला न्हाई. उजवीकडं बसला म्हंजी चालवनाराच, असं वाटलं… देवाची आन घेऊन सांगितलं मी…" आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग बाकड्यावरच्या माणसांकडे वळून, रडत, पण खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐका रं समदे. बन्सी चालवत न्हवता."

दुसऱ्या दिवसापर्यंत ते सगळ्या गावात झालं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला ठावं हुतं. पन केशरबाईचा दिवा मी लावनारच." चाकावर आपण होतो, हे ज्ञानेश्वरभाऊंनी मात्र कबूल केलं नाही. भागूबाई म्हातारी झालीय, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या रात्रीनंतर मी पत्रा एकदा ठोकला. तो सपाट झाला आणि सपाटच राहिला. मला वाटलं, संपलं.

परवा भाऊंचा मुलगा, योगेश, त्यांची नवी गाडी घेऊन आला. मोठी, पांढरी, उजव्या स्टिअरिंगची, साधी आपली. मान खाली घालून म्हणाला, "ताई, डाव्या सीटखाली पत्रा वाजतोय. आणि ते बेल्टचं टिंग टिंग बंद करा. बेल्ट न लावता शेजारी मानूस बसला की वाजतं ना, ते रिकाम्या सीटलाच वाजतंय. पप्पा लई घाबरलेत. पन गाडी दुसऱ्याला चालवू देत न्हाईत, आज मी न सांगता आनलीय."

मी डावीकडचं कार्पेट उचललं. टाचेएवढा पोचा होता. खोल. ताजा.

"निघंल का?" त्यानं विचारलं.

"हातोडीनं नाही निघणार. तुझ्या पप्पांना सांग, भागूबाई जिथे बोलली तिथे उभं राहून त्यांनीही एकदा बोलावं. मग निघेल."

तो गाडीत बसला. टिंग टिंग सुरूच होतं. मला राहवलं नाही. बाबांच्या वेळी त्या गाडीत कुणी पट्टा लावला असता, तर… मी रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि लावला. आवाज थांबला.

योगेश पट्ट्याकडे बघत राहिला, मीही. रिकाम्या सीटवर पट्टा सपाट पडायला हवा होता. तो मधोमध फुगलेला होता, आणि सावकाश वरखाली होत होता.

"जा आता," मी म्हटलं. "हळू चालव. त्यांना घाई आवडत नाही."